सात वर्षांचं काम, दोन वर्षांचा कागद

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी जे व्यवसाय-वर्गीकरण वापरलं जातं, त्यात 3424 क्रमांकाच्या गटात चार कामं वेगवेगळी नोंदवली आहेत : डेटा आणि टेलिकॉम केबलर, केबल जॉइंटर, लाइन्सवर्कर आणि टेलिकॉम टेक्निशियन. प्रत्येकाला स्वतःचा सहा आकडी क्रमांक. केबल जॉइंटरचा 342412. कॅनडात अशाच माणसाचा क्रमांक 72204. पुण्यात हे काम करणाऱ्याला लोक ‘फायबरवाला’ म्हणतात आणि इंटरनेट बंद पडलं की त्याची आठवण काढतात.

हा फायबरवाला परदेशी जाऊ शकतो का, आणि शकत असला तर त्यानं जावं का, यावर दोन टोकांची मतं आहेत. ती मी एका मामा-भाच्याच्या तोंडी घातली आहेत. मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले केबल जॉइंटर, राहायला धनकवडीत. भाचा 29 वर्षांचा, औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेला, सात वर्षं फायबर जोडतोय. दोघंही कल्पनेतले आहेत; त्यांच्या बोलण्यातले कायदे आणि आकडे मात्र कल्पनेतले नाहीत. आणि ‘जा’ म्हणणारा इथं म्हातारा आहे.

मामा : तू जा. तुझी आई रडेल चार दिवस, मग व्हिडिओ कॉलवर बोलायला शिकेल. जा.

भाचा : मामा, तुम्ही आयुष्यात पुण्याबाहेर बदली घेतली नाहीत. बारामतीला टाकलं होतं तर युनियनच्या माणसाला मधे घालून ऑर्डर फिरवलीत.

मामा : म्हणूनच सांगतोय. मला पुणं सोडायची गरज नव्हती, कारण माझ्या कामाला पुण्यात पद होतं. केबल जॉइंटर. पगाराची श्रेणी होती, पीएफ होता, बाजीराव रोडच्या टेलिफोन भवनात माझ्या नावाची सर्व्हिस बुक होती. तुझ्या नावाचं काय आहे? सांग ना. मशीन तुझं नाही, गाडी ठेकेदाराची, टी-शर्टवर कंपनीचं नाव आणि त्या कंपनीला तू कोण ते माहीत नाही.

भाचा : काम तर आहे ना. तुमच्या वेळी फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे, आता कनेक्शन दुसऱ्या दिवशी हवं असतं. रोज कुठंतरी जेसीबी केबल तोडतोच. पावसाळ्यात खोदाईला बंदी, तरी कट थांबत नाहीत. हिंजवडीत काम, खराडीत काम. मायक्रोसॉफ्टनं 2015मध्ये पुण्यात डेटा सेंटर आणलं, आता शहराभोवती अशी आणखी उभी राहतायत. तिथलं केबलिंग म्हणजे एसीतलं काम, चिखल नाही. मी तिकडं शिरायचं बघतोय. ऑस्ट्रेलिया कशाला?

मामा : काम आहे, मान्य. काम 85 सालीही होतं. मी रोजंदारीवर खड्डे खणायचो. मग 1989ला खात्यानं योजना काढली, की रोजंदारीवाल्यानं वर्षाचे 240 दिवस भरल्याचं दाखवावं आणि टेम्पररी स्टेटस घ्यावं. माझ्याबरोबर खणणाऱ्यांपैकी ज्यांची नावं हजेरीपटावर सापडली ते पुढं पर्मनंट झाले. ज्यांची सापडली नाहीत ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. खड्डे सगळ्यांनी सारखेच खणले होते.

मामांचं हे वाक्य मी मुद्दाम आधी आणलं. परदेशी व्हिसाची सगळी चर्चा पुण्यात ‘इंग्लिश येतं का’ आणि ‘खर्च किती’ या दोन प्रश्नांपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. खरी अडचण तिसरीकडेच आहे, आणि ती 1989च्या हजेरीपटाइतकी जुनी आहे. भाच्यानं हिशेब करून ठेवला होता, कारण त्याला न जाण्याची कारणं हवी होती.

भाचा : ऐका मग. ऑस्ट्रेलियाची पॉइंट सिस्टिम आहे. निदान 65 गुण लागतात, वय 45च्या आत. माझं वय 29, त्याचे 30 गुण. 25 ते 32 मध्ये सगळ्यात जास्त. आयटीआय त्यांनी मान्य केलं तर 10. लग्न झालेलं नाही, त्याचे 10.

मामा : लग्न न झाल्याचे गुण?

भाचा : हो, एकट्याला 10. लग्न केलं आणि बायकोला इंग्रजी पुरेसं येत असेल तर 5. तीही कुशल कामगार असेल, कामाची आणि इंग्रजीची परीक्षा देऊन उभी असेल, तर पुन्हा 10. नसेल तर शून्य.

मामा : म्हणजे ताईला सांगायला हवं, स्थळं बघताना पत्रिकेबरोबर आयईएल्टीएसचे बँडही मागत जा.

भाचा : हसू नका. इंग्रजीत चारही विषयांत 6 आले की अर्ज करता येतो, पण गुण शून्य. 7 आले तर 10, 8 आले तर 20. मला 6 जमेल. आता अनुभव. बाहेरच्या देशातला तीन वर्षांचा असेल तर 5, पाच वर्षांचा असेल तर 10, आठच्या पुढं 15. माझी सात वर्षं, म्हणजे 10. किती झाले?

मामा : तीस, दहा, दहा, दहा. साठ.

भाचा : साठ. एखाद्या राज्यानं 190 नंबरच्या व्हिसासाठी नाव पुढं केलं तर आणखी 5. झाले 65. मोठी शहरं सोडून आडभागात राहायला तयार असलो तर 491 नंबरचा. त्याचे 15. झाले 75.

मामा : मग अडलंय कुठं?

भाचा : सात वर्षांतली पाच वर्षं रोखीत गेली. कोअरमागे, म्हणजे जोडलेल्या धाग्यामागे पैसे, आठवड्याला हातात. पहिला ठेकेदार तर धंदा बंद करून गावी गेला. पीएफ लागला तो आत्ता, दोन वर्षांपूर्वी. तिकडं ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया म्हणून सरकारी संस्था आहे, केबलवाल्यांचं कौशल्य ती तपासते. तिला पगाराच्या पावत्या लागतात, बँकेतल्या नोंदी लागतात, मालकाचं पत्र लागतं आणि त्यात मी काय काम केलं ते तपशिलानं. दोन वर्षांचा अनुभव म्हणजे गुण शून्य. साठाचे झाले पन्नास. 190ला 55, म्हणजे अर्जच नाही. 491ला बरोबर 65, म्हणजे रांगेत शेवटून पहिला. बोलावणं येईल याची हमी नाहीच, आणि राज्यं आपापली यादी दरवर्षी बदलतात.

इथं थोडं थांबून त्या हातांबद्दल सांगायला हवं, कारण गुणांच्या तक्त्यात हात कुठं दिसत नाहीत. काचेचा एक धागा 125 मायक्रॉनचा असतो, आणि प्रकाश ज्यातून जातो तो आतला गाभा फक्त 9 मायक्रॉनचा. दोन धागे सोलायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे, क्लीव्हरनं काटकोनात तोडायचे, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायचे. मग ठिणगी पडते आणि काच एक होते. वरून स्लीव्ह चढवून तापवायची. चांगल्या जोडात लॉस 0.05 डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी. हे काम पुण्यात रात्री अडीच वाजता, फुटपाथवर उकिडवं बसून, डोक्याला बॅटरी लावून, शेजारून ट्रक जात असताना केलं जातं. मेलबर्नमध्येही हेच मशीन आणि हीच काच. तिकडच्या माणसाच्या डोक्यावर बहुधा तंबू असतो, एवढाच मला फरक दिसतो.

मामांचं काम तांब्याचं होतं. आधी कागदी इन्सुलेशनच्या, शिशाचं आवरण असलेल्या केबली, नंतर जेली भरलेल्या. शेकडो जोड्या रंगावरून ओळखायच्या : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. फायबरच्या धाग्यांचे पहिले पाच रंगही याच क्रमानं येतात. मामांनी भाच्याला पहिला धडा तोंडी दिला होता तो हाच.

मामा : गंमत बघ. ऑस्ट्रेलियात अजून तांब्यावर चालणारी घरं आहेत असं वाचलं.

भाचा : आहेत. त्यांच्या राष्ट्रीय ब्रॉडबँडनं मधल्या काळात नाक्यापर्यंत फायबर आणि पुढं जुनं तांबं असं केलं. आता ते बदलतायत. जानेवारी 2025मध्ये सरकारनं तीन अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं जाहीर केलं, उरलेल्या सहा लाखांवर घरांसाठी, 2030पर्यंत.

मामा : म्हणजे जुनं तांबं कळणारा आणि नवं फायबर जोडणारा, दोन्ही हवेत. माझा हात चालला असता. वय साठ, म्हणून बाद. तुझं वय चालतं, कागद नाहीत म्हणून बाद. दोघं मिळून एक माणूस पाठवता आला असता तर काम झालं असतं.

भाचा : शिवाय तिथं गेल्यावर लगेच काम नाही. लोकांच्या घरात, इमारतीत केबलिंग करायचं तर रजिस्ट्रेशन लागतं. त्यांच्या दूरसंचार नियामकाचे नियम आहेत, वायरिंगचं वेगळं पुस्तक आहे, कोर्स करा, अनुभवाचे तास भरा. मी सात वर्षांचा कारागीर, तिथं पुन्हा हेल्पर.

मामा : चांगलंच आहे की! ज्या देशात ग्राहकाच्या भिंतीतली केबल ओढायला रजिस्ट्रेशन लागतं, त्या देशात त्या माणसाला किंमत असते. इथं कोण विचारतं? सदाशिव पेठेत मान वर करून बघ, विजेच्या खांबावर केबलींचं जंजाळ. कोणी टाकल्या, कोणाच्या परवानगीनं, जिवंत कोणत्या, मेलेल्या कोणत्या, कोणालाही माहीत नाही. ज्या कामाला नियम नाही त्याला दाम नाही.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. परवान्याची अट ही तरुणांना अडसर वाटते. प्रत्यक्षात तीच त्यांच्या मजुरीचा पाया असते. डॉक्टर, वकील, रिक्षावाले, सगळ्यांना हे कळलेलं आहे. फायबरवाल्यांना कळायचं आहे, कारण त्यांची संघटना नाही. मात्र मामा समजतात तितकं ते सोपं नाही, आणि पुढच्या प्रश्नावर ते जरा वाहवत गेले.

मामा : मग मालकाकडून जा. नोकरी देणारा गाठ, तो स्पॉन्सर करेल.

भाचा : तो 482 नंबरचा व्हिसा. डिसेंबर 2024पासून त्याचं नवं रूप आलंय. त्याला अनुभव एकाच वर्षाचा पुरतो, म्हणजे माझे कागद चालतील. 456 व्यवसायांची यादी आहे, अर्जाच्या दिवशी आपलं काम त्या यादीत असावं लागतं. आणि मालकानं वर्षाला निदान 76,515 डॉलर पगार द्यायला हवा, हा जुलै 2025मधला आकडा.

मामा : रुपयात?

भाचा : चाळीस लाखांच्या वर. पण तिथला मालक मला ओळखतो कुठं? मी फोनवर मुलाखत देणार, तो मला न बघता माझ्यासाठी सरकारला प्रशिक्षण-निधीचे पैसे भरणार? म्हणून मग मधला माणूस येतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाला भेटलाय. म्हणतो, आठ लाख दे, स्पॉन्सर माझा.

मामा : देऊन टाकू. माझे व्हीआरएसचे आहेत.

भाचा : मामा! स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणं हा तिकडं 2015पासून गुन्हा आहे, आणि देणाराही सुटत नाही. आपल्याकडंही परदेशी नोकरीला लावणारा एजंट परराष्ट्र खात्याकडं नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकलं की कळतं. सेवेचे जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. आठ लाख म्हणणारा माणूस कायद्यानं बोलतच नाहीये.

व्हीआरएसचे पैसे हा पुण्यातल्या अनेक घरांतला हळवा विषय आहे. 31 जानेवारी 2020 या एका दिवशी बीएसएनएलमधून, म्हणजे जुन्या टेलिफोन खात्यातून, सुमारे 78 हजार माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. ते पैसे मुलांच्या फ्लॅटमध्ये गेले, दुकानात गेले, आजारपणात गेले. काही एजंटांकडेही गेले असतील. मामांचे वाचले ते भाच्याच्या चोखंदळपणामुळे, हे त्यांनी कबूल करायला हवं होतं. त्यांनी विषय बदलला.

मामा : मग जर्मनी? सरकारच पाठवतंय म्हणे.

भाचा : फेब्रुवारी 2024मध्ये आपल्या राज्यानं बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, सुरुवातीला दहा हजार तरुण. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर असे. जर्मन भाषा फुकट शिकवायची, आणि ते काम दिलं शालेय शिक्षण खात्याच्या एससीईआरटीला, आपल्या सदाशिव पेठेतल्या. कौशल्याचा मामला शाळा खात्याकडं! फायबरवाला त्यात नावानं नाही, इलेक्ट्रिशियनच्या शेपटाला धरून घुसायचं. आणि जर्मन बी-वन म्हणजे रात्रीच्या कॉलआउटवरून येऊन पहाटे व्याकरण.

मामा : दुसरा रस्ता नाही?

भाचा : आहे. जून 2024पासून त्यांचं संधी कार्ड आहे. आपल्या देशानं मान्य केलेलं दोन वर्षांचं व्यवसाय-प्रशिक्षण हवं, थोडं जर्मन किंवा बऱ्यापैकी इंग्रजी हवं, खात्यात वर्षाचा खर्च दाखवायचा, मग तिथं जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते. माझं आयटीआय दोन वर्षांचं, ते बसेल. पण वर्षभर हातात पक्का पगार नसताना परक्या गावात नोकरी शोधायची ही चैन आपल्याला परवडणारी नाही. आणि सप्टेंबर 2024मध्ये इस्रायलसाठी पुण्यातच भरती झाली, आठवतं? शटरिंग, सळई, प्लास्टर, फरशी. तिथं आमची गरज नाही. ब्रिटननं जुलै 2025पासून पदवीखालच्या बहुतेक कामांना दार लावून घेतलं.

मामा : तू दारं मोजतोस आणि प्रत्येकाला कुलूप आहे ते सांगतोस. कॅनडा राहिलं.

भाचा : कॅनडाचं त्यातल्या त्यात बरं. तिथं कारागिरांसाठी वेगळा कार्यक्रम आहे, शिक्षणाची अटच नाही, इंग्रजीही सोपं. पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव पुरतो. पण वर्षभराच्या नोकरीचं पत्र हवं नाहीतर तिथल्या प्रांताचा परवाना हवा. म्हणजे पुन्हा तेच. बाहेरून आत जायला आतला कागद.

मामा : आणि दुबई, सौदी? आमच्यातले दोघं-तिघं रिटायर होऊन सौदीला गेले होते.

भाचा : ते सगळ्यात सोपं. दोन महिन्यांत जाता येईल, फायबरची कामं आहेत. दहावी पास असल्यानं माझ्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्सही लागत नाही. पण किती वर्षं राहिलो तरी तिथला होत नाही मी. दहा वर्षांनी परत धनकवडीला, तुमच्यासमोर, याच खुर्चीत.

मामा : मग काय, इथंच राहणार? कोअरमागे पैसे मोजत? पंचेचाळिसाव्या वर्षी डोळे गेले, हात थरथरला, की काय करणार? मला निवृत्तिवेतन आहे. तू आठवड्याच्या पाकिटावर म्हातारा होणार.

भाचा : इथंही बदलतंय. भारतनेटच्या नव्या टप्प्याला 2023मध्ये 1 लाख 39 हजार कोटी मंजूर झालेत. गावोगावी फायबर जाणार, ते राखायलाही माणसं लागणार. मी चार पोरं घेऊन मुळशी-वेल्ह्याकडं स्वतः कंत्राट घेईन.

मामा : आणि त्या चार पोरांना पगार कसा देशील? रोखीत?

भाचा गप्प बसला, आणि मला वाटतं संबंध बोलण्यातली हीच खरी गाठ आहे. जाणं आणि राहणं हे दोन रस्ते वाटतात, पण दोन्हीकडे तपासनाका एकच. ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्याला जो पुरावा हवा, तोच पुण्यातल्या बँकेला कर्ज देताना हवा असतो, डेटा सेंटरच्या कंपनीला नोकरी देताना हवा असतो, आणि अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यालाही तोच हवा असतो. पाच वर्षं रोखीत घेतलेली पाकिटं हातात येताना भरलेली वाटली. पीएफ कापला जात नाही म्हणून पोरं खूशही होती. भाच्याचा गुणांचा हिशेब अचूक आहे, पण तो हिशेब मांडून झाला की काही करायची गरज उरत नाही, हा त्यातला धोका. उरलेली तीन वर्षं नीट नोंदली गेली तर 32व्या वर्षी त्याचे दहा गुण वाढतील, इंग्रजी सात केलं तर आणखी दहा. वयाचे तीस तेव्हाही शाबूत असतील. तेहतीस पूर्ण झाली की पाच वजा.

मामांनी हेच वेगळ्या भाषेत सांगितलं.

मामा : हे बघ, तू जाऊ नकोस वाटलं तर. पण जाणाऱ्याची तयारी कर. 21 नोव्हेंबर 2025पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं आहे. आमच्या युनियनवाल्यांना त्यातलं बरंच पटत नाही, पण हे एक कलम तुझ्या कामाचं आहे. पत्र माग. त्यात नुसतं ‘टेक्निशियन’ नको. स्प्लायसिंग, ओटीडीआर टेस्टिंग, जॉइंट क्लोजर, डक्टमधून केबल ओढणं, सगळं लिहून घे. तारखेसकट.

भाचा : आणि जुनी पाच वर्षं?

मामा : पहिल्या ठेकेदाराचं गाव कुठलं?

भाचा : इंदापूरकडचं. पण तो लिहून देईल हो, त्याचं काय जातंय! बँकेतली नोंद कुठून आणणार? नुसतं पत्र तिकडं कोण धरतंय? आणि खोट्या पावत्या बनवून देणारेही आहेत बाजारात, तेही सांगतो. खोटं सापडलं तर पुढची काही वर्षं व्हिसाच मिळत नाही.

मामा : खोट्याच्या वाटेला जाऊ नको. पाच गेली ती गेली. आत्ताच्या ठेकेदाराकडं तरी मागितलंस का पत्र?

भाचा : मागितलं. परवाच.

मामा : मग? काय म्हणाला?

भाचा : म्हणाला, ‘कुठं चाललास?’